सहभागी क्रमांक सतरा

प्रोजेक्ट छोटा असावा, असं मार्गदर्शक मॅडमनी तीन वेळा बजावलं होतं. “छोटा, स्वच्छ आणि संपणारा,” हे त्यांचे शब्द. फाइलरावांनी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून खाली दोन रेघाही ओढल्या होत्या. तेव्हा पुढे जे काही झालं त्यात मॅडमचा दोष नाही आणि रेघांचाही नाही. दोष असलाच तर तो इमारतीतल्या लोकांच्या चांगुलपणाचा, आणि चांगुलपणाविरुद्ध तक्रार कुठल्या खिडकीवर करायची हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

फाइलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण पंचवीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात, नोंदणी विभागात, केस पेपरांच्या रॅकांमध्ये काढल्यावर खरं नाव फक्त हजेरीपटाला आठवत होतं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, म्हणजे माणूस स्वतःच्या गुडघ्यांची चौकशी करू लागतो त्या वयात, हे गृहस्थ वैद्यकीय संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसले. पहिल्या दिवशी ते आत शिरताच सगळा वर्ग उठून उभा राहिला. फाइलरावांना मुलांचे संस्कार आवडले. मग ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि मुलांचे चेहरे उतरले, तेव्हा खुलासा झाला.

या वयात ही हौस कशाला, असं सगळ्यांनी विचारून घेतलं. त्याला कारण होतं. एकदा कुठल्याशा अहवालासाठी त्यांना बाळंतपणाच्या जुन्या नोंदवह्यांतून जन्मलेल्या मुलांची वजनं काढायला सांगितली होती. चार हजार मुलं. फाइलरावांनी गंमत म्हणून आलेखाच्या कागदावर प्रत्येक मुलासाठी एकेक फुली मारली. ज्या वजनाचं मूल, त्या वजनाच्या खान्यात. पहिल्या दोनशे फुल्यांपर्यंत नुसता पसारा होता. हजारावर गेल्यावर मध्ये उंचवटा दिसू लागला. आणि चार हजारावी फुली मारून त्यांनी कागद लांब धरला तेव्हा त्यावर एक डोंगर उभा होता. गुळगुळीत, दोन्ही बाजूंना सारखा उतरत गेलेला. या मुलांच्या आया एकमेकींना ओळखत नव्हत्या. कुणी रात्रपाळीत जन्मलं होतं, कुणी रिक्षात. कुणीच कुणाला विचारून वजन ठरवलं नव्हतं. आणि तरी सगळ्यांनी मिळून हा डोंगर रचला होता. फाइलराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. बसून बघणं त्यांना बरं वाटेना.

तो कागद त्यांनी घरी आणून बायकोला दाखवला. तिने हात पुसले, कागद खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाली, “हे कुणी काढलं?”

“कुणीच नाही,” फाइलराव म्हणाले. “तेच तर.”

“मग शिका की हे नीट,” ती म्हणाली. एवढंच. पण नावनोंदणीचा अर्ज दुसऱ्या दिवशी तिनेच आणला.

अभ्यासक्रम मात्र दोनदा सुटला. पहिल्यांदा वडिलांचं ऑपरेशन झालं म्हणून, आणि दुसऱ्यांदा बायकोचं मनगट मोडलं म्हणून. दोन्ही वेळा कुणी सोडा म्हटलं नव्हतं. वडील तर ऑपरेशनच्या टेबलावरून परीक्षेची तारीख विचारत होते. पण फाइलरावांचा स्वभावच तसा. “घरात कुणी शिंकलं की यांची वही मिटते,” असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ही तिसरी आणि शेवटची खेप होती. सत्राच्या शेवटच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत प्रोजेक्ट सादर न केल्यास नाव कमी करण्यात येईल व पुन्हा प्रवेश मिळणार नाही, असं विद्यापीठाचं पत्र आलं होतं. बायकोने ते कपाटाच्या दारावर, आरशाच्या शेजारी चिकटवलं होतं. रोज भांग पाडताना फाइलराव ते वाचत.

विषय खरोखरच छोटा होता. एकाच माणसाचं बीपी आठवडाभरात किती हलतं? चाळीस माणसं. विभागाकडून बीपी मोजायची आठ यंत्रं उसनी मिळणार होती. प्रत्येकाकडे यंत्र सात दिवस. सकाळ-संध्याकाळ मोजायचं, कार्डावर लिहायचं, मग यंत्र शेजारी द्यायचं. पाच आठवड्यांत काम संपणार. लोक कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. फाइलराव राहत त्या इमारतीत चोवीस घरं होती.

आधी एथिक्स कमिटीची परवानगी हवी होती. कमिटीच्या कार्यालयातल्या कारकुनाने अठरा पानी अर्ज पुढे सरकवला. त्यात पहिल्याच पानावर प्रश्न होता, प्रयोगात प्राण्यांचा वापर होणार आहे काय? फाइलरावांनी आत्मविश्वासाने ‘नाही’ लिहिलं. माणसाने असा आत्मविश्वास बाळगू नये.

“यंत्राच्या पट्ट्याने सहभागी दगावला तर?” कारकुनाने विचारलं.

“दंडाला लावायचा पट्टा आहे. फुगतो आणि सुटतो.”

“गळ्याला लावला तर?”

फाइलरावांनी ‘पट्टा गळ्याला लावला जाणार नाही’ असं हमीपत्र लिहून दिलं. पंचवीस वर्षं ते स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसून लोकांना असेच कागद आणायला लावत आले होते, त्यामुळे रागवायची सोय नव्हती. शिक्का मारताना कारकून म्हणाला, “चाळीस म्हणजे चाळीस हं. एकोणचाळीस झाले तर नवीन परवानगी लागेल. तीन महिने.”

इमारतीत खरी सत्ता होती दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची. चौतीस वर्षं शिक्षिका, त्यांतली बारा मुख्याध्यापिका, आणि निवृत्तीनंतर इमारतीच्या कमिटीच्या सेक्रेटरी. अर्धी इमारत त्यांच्या हाताखालून शिकून गेलेली होती आणि उरलेल्या अर्धीला तसं वाटायचं. त्यांनी संमतिपत्र वाचलं, समासात खुणा केल्या आणि दहापैकी साडेसहा गुण देऊन परत केलं.

“कल्पना चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “मांडणी विस्कळीत. पण तुम्ही काळजी करू नका. पोरं मी बसवते.”

पोरं म्हणजे तीस ते पंच्याहत्तर वयाचे रहिवासी. संध्याकाळपर्यंत चाळीस सह्या आल्या.

यंत्रं वाटल्यावर सल्ले सुरू झाले. डाव्या हाताला लावायचं की उजव्या, यावरून दोन मजल्यांत तट पडले. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने, पट्टा शिवलाय चुकीचा, असं जाहीर करून तो उसवून पुन्हा शिवून दिला. फुगल्यावर तो कापलेल्या बाहीसारखा एका बाजूला उलटायला लागला. एक आजोबा म्हणाले की बीपी मोजलं की वाढतं, तेव्हा न मोजणं हाच खरा उपाय, आणि हे प्रोजेक्टमध्ये त्यांच्या नावाने लिहावं. चौथ्या मजल्यावरचा विमा एजंट पहिल्याच दिवशी यंत्र घेऊन सासुरवाडीला गेला आणि तिथल्या अकरा माणसांचं मोजून आला. परत आल्यावर यंत्र नीट चालतंय ना हे पाहायला त्याने ते कुत्र्यालाही लावलं. फाइलरावांना अर्जाचं पहिलं पान आठवलं. त्यांनी एजंटाला सन्मानपूर्वक काढून टाकलं, यंत्र कोरं करून पुन्हा सुरू केलं, आणि चाळीसचा आकडा भरायला त्याच्या जागी स्वतःच्या बायकोला घेतलं. यादीत एजंटाचा क्रमांक सतरा होता. तोच तिला मिळाला.

“मी कशाला?” ती म्हणाली.

“तू तर काय, धडधाकट. सात दिवसांचा प्रश्न.”

तिने कार्ड घेतलं आणि आरशाशेजारच्या पत्राकडे एकदा पाहिलं.

पाच आठवड्यांनी कार्डं गोळा झाली. फाइलरावांनी पाचशे साठ आकडे संगणकात भरले आणि सरासरी काढली. एकशेवीस, खाली ऐंशी. ते खूश झाले. पुस्तकात निरोगी माणसाचं जे बीपी दिलेलं असतं नेमकं तेच, आणि तेसुद्धा सगळ्यांचं. पंच्याहत्तर वर्षांच्या आजोबांचंही. अशा इमारतीत राहतो याचा त्यांना अभिमान वाटला आणि तो अभिमान घेऊनच ते मॅडमकडे गेले.

मॅडम छोट्या चणीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आलेख उघडला. तिथे डोंगर नव्हता. सपाट जमिनीवर मधोमध एक सरळसोट रेघ वर गेलेली होती.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“आमची इमारत,” फाइलराव म्हणाले.

“हा विजेचा खांब आहे. जिवंत माणसांचे आकडे असे नसतात, फाइलराव. एकाच माणसाचं बीपी जिना चढल्यावर वेगळं, दारावरची बेल वाजल्यावर वेगळं. तुमच्या लोकांना पाच आठवड्यांत कुणी बेल वाजवलीच नाही का?”

मॅडम एकेक कार्ड उलटत होत्या. एकशेवीस-ऐंशी, एकशेवीस-ऐंशी. मध्येच त्या थांबल्या.

“हे मात्र खरं आहे.” त्यांनी एक कार्ड वेगळं काढलं. “एकशेअठरा, एकशेचोवीस, एकशेएकवीस, एकशेसव्वीस. बघा कसं हलतंय. हा माणूस जिवंत आहे. कोण आहे सतरा नंबर?”

“माझी बायको,” फाइलराव म्हणाले.

“तुमच्या इमारतीतली एकमेव प्रामाणिक व्यक्ती,” मॅडम म्हणाल्या.

घरी जाताना फाइलराव आधी दुसऱ्या मजल्यावर थांबले. बाईंनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं.

“तुम्ही कामावर गेल्यावर मी गच्चीवर सगळ्यांना बोलावलं,” त्या म्हणाल्या. “यंत्राच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बरोबर उत्तर छापलंय, एकशेवीस-ऐंशी. ते फळ्यावर लिहून दिलं. तिसऱ्यांदा बसताय तुम्ही. या वयात नापास होऊ द्यायचं का?”

“बाई, बरोबर उत्तर नसतं हो यात.”

“उत्तर नाही तर प्रश्न कशाला विचारलात?” बाईंनी चष्मा काढला. “दोनतीन जणांना मी एखादी चूकही करायला सांगितली होती. सगळ्यांनाच पैकीच्या पैकी मिळाले की परीक्षकाला संशय येतो. चौतीस वर्षांत एक मूल थोड्याशा मदतीवाचून मागे राहू दिलं नाही मी, फाइलराव.”

चोवीस घरच्या आईबापांनी एकत्र येऊन कॉपी पुरवावी तसं हे प्रेम होतं. फाइलराव जिन्यातच बसले. तीस तारखेला सोळा दिवस उरले होते. पुन्हा पाच आठवडे मोजायला वेळ नव्हता. नापास होणं तर होतंच, पण शेजाऱ्यांनी नापास केलं हे सांगायचीसुद्धा चोरी होती.

त्यांना जिन्यात पाहून तळमजल्यावरचे घड्याळजी थांबले. घड्याळजी घड्याळं दुरुस्त करत आणि माणसांपेक्षा यंत्रांशी जास्त बोलत. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, “लिहिलं खोटं. मोजलं होतं ना पण?”

“मोजलं असेल.”

“मोजलं होतं. मीसुद्धा रोज मोजलं. स्वतःचं किती आहे बघायची उत्सुकता असतेच की हो. मग बाईंचं उत्तर लिहिलं.” त्यांनी फाइलरावांच्या पिशवीतलं एक यंत्र काढलं आणि बाजूचं बारीक बटण दाबलं. पडद्यावर तारीख उमटली, वेळ उमटली आणि त्याखाली आकडा. एकशेसत्तेचाळीस. पुन्हा दाबलं. एकशेबावन्न. “हे शेवटचे नव्वद आकडे लक्षात ठेवतं. तुमची पाच माणसं गुणिले चौदा म्हणजे सत्तर. सगळे आत बसलेत.”

फाइलरावांनी ते यंत्र दोन्ही हातांत धरलं. पाच आठवडे ते घराघरांतून फिरलं होतं. बाहेर सगळी इमारत एकदिलाने खोटं बोलत असताना हे गुपचूप खरं साठवत होतं. त्यांना एकदम भरून आलं. त्यांनी घड्याळजींना नमस्कार केला आणि मग, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, यंत्रालाही केला.

मॅडम दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. “विषय बदला,” त्या म्हणाल्या. “लोक काय लिहितात आणि यंत्र काय पाहतं. याहून चांगला प्रोजेक्ट मी दहा वर्षांत पाहिला नाही.”

कारकून मात्र हसला नाही. लोकांनी संमती दिली होती ती कार्डांसाठी. यंत्राच्या आत डोकवायची संमती कुठे होती? नवं संमतिपत्र हवं, चाळीसच्या चाळीस सह्या हव्यात, आणि सही होईपर्यंत त्या माणसाचा आकडा पाहायचा नाही. म्हणजे प्रत्येकाने, मी लिहिलं होतं ते खोटं असू शकतं व ते तपासण्यास माझी हरकत नाही, यावर सही करायची. फाइलरावांनी भीतभीत तो कागद बाईंकडे नेला. बाईंनी तो दोनदा वाचला.

“म्हणजे मी तुमचं नुकसानच करत होते,” त्या म्हणाल्या.

“तसं नाही, बाई.”

“तसंच आहे.” त्यांनी पेन उघडलं आणि पहिली सही स्वतःची केली. दोन दिवसांत एकोणचाळीस झाल्या.

चाळिसावी सही घरातली होती, म्हणून फाइलराव निर्धास्त होते. पण ती काही होईना. सोमवारी बायकोचे हात ओले होते. मंगळवारी चष्मा सापडत नव्हता. बुधवारी ती म्हणाली, “तुमच्या मॅडम म्हणाल्या ना माझं खरं आहे? मग काय तपासायचंय?”

“अगं, नियम आहे. तुझं कार्ड आणि यंत्र तंतोतंत जुळणार. एकच माणूस जुळतोय हेही दाखवता येईल. मॅडम म्हणाल्या, एकमेव प्रामाणिक व्यक्ती.”

बायको गॅसकडे वळली आणि तिने बर्नर उगाच पुसायला घेतला.

इकडे एकोणचाळीस जणांचे खरे आकडे संगणकात चढत होते. एकेक बटण दाबायचं आणि एकेक आकडा उतरवायचा. पाचशेच्या वर गेल्यावर फाइलरावांनी आलेख काढला. खांब नाहीसा झाला होता. तिथे डोंगर होता, उजवीकडे जरा ओघळलेला, कारण इमारतीत म्हातारे पुष्कळ. आणि तो हलता होता, धडधडता होता. आजोबांचं सकाळी एकशेसत्तर आणि नातवंडांचा फोन येऊन गेला की एकशेबेचाळीस. शिंप्याचं गिऱ्हाइकाच्या वेळेला चढलेलं. रोज जिन्यात भेटणारी ही माणसं, नमस्कार-चमत्कारापलीकडे ज्यांचं काही ठाऊक नव्हतं, ती आत किती वरखाली होत होती. फाइलराव पुन्हा तळघरातल्यासारखे खुर्चीवरून उठून उभे राहिले. आपण या लोकांच्या शेजारी अठरा वर्षं राहतो आणि आज त्यांना पहिल्यांदा पाहतो आहोत असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या नंबरच्या यंत्रात बायकोचे चौदा आकडे होते. शिंप्याच्या चौदांनंतर लगेच. फाइलरावांचा अंगठा रोज तिथपर्यंत जायचा आणि थांबायचा. एकदा बटण दाबलं असतं तर कळणार होतं, आणि कळल्याचं कुणाला कळणार नव्हतं. पण सही नव्हती. नोंदणी विभागात पंचवीस वर्षं सहीशिवाय कुणाचा केस पेपर उघडला नव्हता, तो बायकोचा कसा उघडणार.

सत्तावीस तारीख उजाडली. फाइलराव संमतिपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसले. “हे बघ,” ते म्हणाले, “एकोणचाळीस चालत नाहीत. तुझी सही नसेल तर तीन महिने. म्हणजे संपलंच.”

ती भाजी चिरत होती. सुरी बाजूला ठेवून ती समोर बसली.

“सही करते,” ती म्हणाली. “पण आधी एक कबूल करा. आत काहीही निघालं तरी वही मिटायची नाही.”

“काय निघणार आहे?”

“कबूल करा.”

“बरं बाई, कबूल,” फाइलराव हसून म्हणाले. तिने सही केली, तारीख घातली, आणि उठून न जाता तिथेच बसून राहिली.

त्यांनी बटण दाबलं. एकशेअडुसष्ट, खाली एकशेदोन. शिंप्याचा असेल म्हणून त्यांनी तारीख पाहिली. पुन्हा दाबलं. एकशेचौऱ्याहत्तर. एकशेएकाहत्तर. एकशेऐंशी. चौदा वेळा दाबलं आणि एकदाही एकशेसाठच्या खाली आकडा आला नाही.

“डोकं दुखायचं?” त्यांनी विचारलं.

“अधूनमधून.”

“आणि तू मला हे...” त्यांनी यंत्र ओट्यावर ठेवलं. “सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही परत सोडलं असतं.”

“सोडलं असतंच.”

“म्हणून,” ती म्हणाली.

फाइलराव रडले. मोठ्याने नाही, पण रडले. त्यांना तिचा राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त. आजोबांचं पाहिलं, शिंप्याचं पाहिलं, पाचशे आकडे पाहून माणसं कळली म्हणून ऊर भरून आला, आणि या सगळ्यात ही तीन हातांच्या अंतरावर भाजी चिरत होती. त्यांनी वही मिटायला हात उचललाच होता. तिने त्यावर आपला हात ठेवला.

“कबूल केलंय. तुम्ही सादर करा, मी गोळ्या घेते. एक दिवस तुमचा चुकला तर एक दिवस माझाही चुकेल.”

असला सौदा कुठल्याच एथिक्स कमिटीने मान्य केला नसता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फाइलराव तिला घेऊन दवाखान्यात गेले. नवा केस पेपर त्यांनी स्वतः काढला. लाखभर नावं लिहिलेल्या त्या हाताला तिचं नाव लिहिताना दोनदा थांबावं लागलं. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि वेळेवर आलात म्हणाले. वर्षभर असंच चाललं असतं तर, असं काहीतरी डॉक्टर पुढे बोलत होते. ते फाइलरावांनी ऐकलं नाही, त्यांना ऐकवेना.

तीस तारखेला प्रोजेक्ट सादर झाला, खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं असताना.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. उंच, शांत, आणि कुणाचाच आलेख न आवडणारे अशी त्यांची ख्याती होती. फाइलराव उभे राहिले. खांब दाखवला, डोंगर दाखवला. बाईंची गच्चीवरची शिकवणी त्यांनी नाव न घेता सांगितली तेव्हा परीक्षकांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग ते म्हणाले, “सतरा नंबर दाखवा.”

पडद्यावर दोन रेघा आल्या. वरची यंत्राची, एकशेसत्तरच्या आसपास. खालची कार्डाची, एकशेवीसच्या आसपास.

“एकोणचाळीस लोकांनी सांगितलेलं उत्तर लिहिलं,” परीक्षक म्हणाले. “ते खोटं लगेच कळतं. या सहभागीने मात्र अशी खोटी रेघ काढली आहे की मीसुद्धा फसलो असतो. ही रेघ खऱ्यासारखी हलते. आकडे मनाने लिहायला बसलं की हे जमत नाही, मी करून पाहिलंय. हिने हे कसं केलं? संख्याशास्त्र शिकली आहे का?”

“नाही, सर.”

“मग?”

“माहीत नाही, सर.” फाइलराव म्हणाले. “मी विचारलं नाही. सहभागीची ओळख गुप्त ठेवायची असते.” आणि मग त्यांच्याने राहवेना. “ती बाहेर बाकावर बसली आहे. मी मध्येच उठून पळेन असं तिला वाटतं.”

परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी एक कोरा कागद पुढे केला, आणि बायको संमतीची सही करूनच आत आली. पडद्यावरच्या रेघांकडे तिने एकदा पाहिलं आणि पदर सावरून उभी राहिली.

“हे आकडे तुम्ही कसे ठरवलेत?” परीक्षकांनी विचारलं. आवाज मघापेक्षा मऊ होता.

“ठरवले नाहीत,” ती म्हणाली. “लिहायच्या आधी मी ह्यांच्याकडे बघायचे. कार्ड हे रोज वाचायचे ना. सकाळी गडबडीत असले, काही विचारायला वेळ नसला, तर जरा मोठा आकडा चालायचा, एकशेसव्वीस वगैरे. संध्याकाळी दमून आले की कमी करायचे, एकशेअठरा. पुस्तकात काही अडलेलं असलं की त्याहून कमी. जो आकडा वाचून हे नीट जेवतील तो लिहायचा. बाकी त्यात काही नाही.”

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे ही खालची रेघ तुमची नाहीच,” ते म्हणाले.

“नाही,” ती म्हणाली. “ह्यांची आहे.”

फाइलराव पडद्याकडे वळले. सोमवार सकाळ, सोमवार संध्याकाळ, मंगळवार. गुरुवारी रेघ खाली गेली होती. गुरुवारी त्यांचं एक गणित सुटत नव्हतं. शुक्रवारी ती वर आली होती. शुक्रवारी ते सुटलं होतं. सात दिवस, चौदा वेळा, स्वतःचं डोकं ठणकत असताना तिने त्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं होतं, आणि त्यांनी जन्मात कुणाकडे तसं पाहिलं नव्हतं. परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला. तो साधा होता, सरासरीचा, पहिल्या वर्षाच्या मुलालाही आला असता. फाइलरावांना उत्तर देता आलं नाही. परीक्षक थोडा वेळ थांबले, आणि मग त्यांनी त्या प्रश्नाचे पूर्ण गुण दिले.